नाटक आत, मदतीचं टेबल बाहेर

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या या नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर आणि एसीवर पुष्कळांनी लिहिलं आहे, म्हणून ते थोडक्यात उरकते. खुर्च्या चांगल्या आहेत. शेवटच्या काही रांगांत हळू आवाजातलं वाक्य पोचत नाही. पावसात पार्किंगमध्ये चिखल होतो, आणि कँटीनमधली मिक्स भाजी अर्ध्या लोकांना मिळण्याआधीच संपते. मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर: बाहेरच्या सेवाभावी संस्थांनी इथे देणग्या कशा गोळा करायच्या याचे व्यवस्थापनाने जे नियम केले आहेत, त्यांच्यावर.

नियम येण्याआधी मध्यंतरात कोणीही येऊन उभं राहत असे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ती मुलं संस्थेची नसत, एजन्सीने पैसे जमवायला ठेवलेली असत. आजारी बाळाचा फोटो पुढे करून म्हणत, ‘‘काकी, रोख नको, दर महिन्याला खात्यातून पाचशे जातील, इथे फक्त सही करा.’’ एका हातात चहा, दुसऱ्या हातात भजी, तिसरी घंटा होत आलेली. अशा वेळी माणूस काय वाचून सही करणार? मी बँकेत काउंटरवर नोकरी केली. अशा सह्या रद्द करून घ्यायला आलेली वयस्कर माणसं मी समोर बसवून ऐकली आहेत. पैसे गेल्याचं त्यांना फारसं वाटत नसे, आपल्याला घाईत गाठलं याचं वाटत असे.

आता एका प्रयोगाला एकाच संस्थेला परवानगी मिळते. टेबल बाहेरच्या व्हरांड्यात, तिकीट खिडकीपासून लांब, म्हणजे तिकिटाबरोबर हेही द्यायचंच असतं असा कोणाचा समज होऊ नये. टेबलावर संस्थेचेच सभासद बसतात, कमिशनवर आणलेली माणसं चालत नाहीत. त्यांनी उठून कोणाच्या मागे जायचं नाही. कोणी जवळ आलं तर बोलायचं. महिन्याच्या कपातीचे फॉर्म भरून घ्यायला सक्त मनाई आहे. रंगमंचावरून आवाहन नाही, आणि नटांना रंगभूषेतच पेटी देऊन दारात उभं करायचं नाही.

या शेवटच्या नियमावरून आमच्याकडे बरीच कुरबुर झाली. उत्सवी नाटकात ऐन रंगलेला प्रवेश थांबवून माइकवरून ‘अमक्यांकडून एकशे एक रुपये बक्षीस’ ऐकत आम्ही वाढलो, मग इथेच सोवळं का, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. गावच्या मांडवात देणारा, घेणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या घरचे असतात, ते बक्षीस त्याच नाटकाला असतं. इथे तिकीट काढून आलेला माणूस वास्कोहून आलेला असेल, डिचोलीहून आलेला असेल. नुकतंच ज्याच्या कामाने डोळ्यांत पाणी आलं, तोच नट पेटी पुढे करतो तेव्हा नाही म्हणणं अशक्य होतं. अशक्य करून घेतलेल्या पैशाला मी देणगी म्हणणार नाही.

कागदपत्रांची बाजू तर मला फार आवडली. टेबलावर संस्थेच्या नोंदणीची प्रत आणि 80 जी चं, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारं, प्रमाणपत्र दिसेल असं ठेवावं लागतं. क्यूआर कोड कार्यालयातला कर्मचारी आधी स्वतः स्कॅन करून बघतो. पडद्यावर संस्थेचं नाव आलं पाहिजे, कोणा व्यक्तीचं आलं तर कोड काढून ठेवायचा. ‘2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही’ हे मराठीत ठळक लिहिलेलं असतं. पावतीवर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवाच. पेटीला सील असतं आणि प्रयोगानंतर ती दोन सह्यांनी उघडतात.

आणि एक ओळ अशी, जी गोव्यातच लिहायची वेळ येते: ‘परदेशी पासपोर्ट असलेल्यांनी कृपया इथे देणगी देऊ नये.’ पहिल्यांदा वाचताना ती कठोर वाटते. डिसेंबरात इंग्लंडमधल्या स्विंडनहून घरी आलेले, पोर्तुगीज पासपोर्टवाले एक काका टेबलापाशी माझ्यासमोरच चिडले. ‘‘बाय, पैसे रुपयांत आहेत, मी इथल्याच मातीतला, माझे का चालत नाहीत?’’ टेबलावरच्या मुलीने त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व राहत नाही. मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी 2010 च्या परदेशी देणग्यांच्या कायद्यात ती व्यक्ती परदेशी स्रोत ठरते, नोटा रुपयांच्या असल्या तरी. अशी देणगी घ्यायला संस्थेला गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावे लागतात. भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्याला ही अडचण नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली इतकी माणसं आपल्याकडे घरोघरी असताना ही ओळ लिहिण्याची काळजी या व्यवस्थापनाने घेतली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. एका भोळ्या देणगीने छोटी संस्था चौकशीत अडकू शकते.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. 80 जी नसलेल्या संस्थेला इथे टेबलच मिळत नाही. आमच्या गावचं वाचनालय 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे, दरवर्षी हिशेब तपासून घेतलेले असतात, पण 80 जी काढून दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायला लागणारा खटाटोप झेपत नाही. अर्ज परत आला. त्याच महिन्यात बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेला टेबल मिळालं, कारण तिची फाइल पूर्ण होती. 80 जी ने देणाऱ्याचा कर वाचतो. संस्था किती प्रामाणिक आहे हे त्यावरून कळत नाही. नोंदणी, दोन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं एवढं पाहून तालुक्यातल्या लहान संस्थांना परवानगी द्यावी, आणि टेबलावर ‘करसवलत नाही’ असा फलक लावायला सांगावा.

एकट्या रुग्णासाठी पैसे गोळा करू देत नाहीत, यावरही लोक रागावतात. तिथे मात्र मी व्यवस्थापनाच्या बाजूने आहे. खरा रुग्ण कोण, पैसे उरले तर कोणाचे, हे एका संध्याकाळी कोण तपासणार? शिवाय ते नुसतं नाही म्हणत नाहीत. कार्यालयात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेची माहिती लावलेली आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार. तिथला कारकून अर्ज कुठे द्यायचा ते नीट समजावून सांगतो, हे मी स्वतः ऐकलं आहे.

नियमांची पूर्ण प्रत अजून इंग्रजीतच मिळते. अर्ज करणारे बहुतेक मराठी-कोंकणी वाचणारे आहेत, तेव्हा ती देवनागरीत हवी. अर्ज प्रयोगाच्या तीन आठवडे आधी द्यावा लागतो, टेबलाचं भाडं घेत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार. पाचवा गुण वाचनालयाला टेबल मिळेल त्या दिवशी.