कार्ड गेलंच नव्हतं

"ताई, कार्ड गेलं." सात महिन्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून, ग्राफिक्स कार्डाबद्दल, हे वाक्य मी तीनदा ऐकलं. पहिल्या दोन वेळा विश्वास ठेवून पैसे मोजले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितेय.

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. रेंडर (म्हणजे तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी पडायची, पंखे मात्र फिरत राहायचे. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड) काढून उजेडात धरलं आणि निदान सांगून मोकळा झाला. चिपला हीट देऊन कार्ड परत आणलं. तीन आठवडे काही झालं नाही, मीही निर्धास्त झाले. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडे मोठं काम नव्हतं, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

मोठा रेंडर लागला आणि स्क्रीन पुन्हा काळी. या वेळी त्याने जुनं कार्ड भंगार म्हणून ठेवून घेतलं आणि वर पैसे घेऊन 'रिफर्बिश्ड', म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त केलेलं, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ४ जीबी मेमरीचं, बसवून दिलं. निघताना बजावलं, "ड्रायव्हर अपडेट करू नका हं, कार्ड जळेल." मी मुकाट्याने ऐकलं. असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर; ते अपडेट केल्याने खरं कार्ड जळत नाही. खोट्या कार्डाचं बिंग मात्र फुटतं.

तिसऱ्यांदा "कार्ड गेलं" म्हणाला तेव्हा मी भाच्याला बोलावलं. त्याने कॅबिनेटच्या मागे नुसती नजर टाकली आणि विचारलं, "मावशी, याला निळा व्हीजीए पोर्ट कसा?" व्हीजीए हा मॉनिटर जोडायचा जुना, अॅनालॉग पोर्ट. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ मध्ये आणलेल्या पास्कल पिढीच्या चिपमध्ये अॅनालॉग आउटपुटच नाही आणि १०५० टीआय त्याच पिढीतलं. मग त्याने जीपीयू-झेड चालवलं. हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी कार्डं ओळखतं. नावाच्या आधी चक्क 'फेक' असा शब्द आला. आतली चिप होती जीटीएक्स ५५० टीआयची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोर (गणितं करणारे छोटे भाग) असतात, यात १९२. बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून जुन्या चिपला नवं नाव दिलं होतं, मेमरीचा आकडाही फुगवलेला.

पण माझं मूळ कार्ड तर खरं होतं, मग ते का बंद पडायचं? भाच्याने मल्टिमीटर काढला. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या आणि काळ्या वायरवर मशीन नुसतं चालू असताना ११.९ व्होल्ट. रेंडर लावला तसा आकडा घसरत १०.८ वर आला. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेलं, पण त्याच स्टिकरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघांची बहुतेक भूक याच लाइनवर भागते. भाच्याने स्वतःचा एसएमपीएस लावला आणि ते खोटं कार्डसुद्धा तासभर न अडखळता चाललं. दुरुस्तीवाल्याने हे एकदाही तपासलं नव्हतं.

तेव्हा कार्ड बदलायच्या आधी दुसरा एसएमपीएस लावून बघा, किंवा तेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये, आणि तुमच्या डोळ्यांदेखत. कार्ड दुरुस्तीला देताना सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, त्याची फार हळहळ वाटते.

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. खोट्या कार्डाबद्दल म्हणाला, "सॉफ्टवेअर काहीही दाखवतं." मी माझं जुनं कार्ड परत मागितलं. "ते तर कधीच भंगारात गेलं, ताई," म्हणाला आणि फोन ठेवला.