पुरात बुडालेली एसयूव्ही मला ‘फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन’ म्हणून विकली

आधी आकडे. गाडीचे ३४,५०,०००. त्यावर महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि नाव ट्रान्सफरसाठी म्हणून ५,४०,०००. एकूण ३९,९०,०००. गाडीच्या पैशांपैकी १,००,००० टोकन यूपीआयने, २१,००,००० आरटीजीएसने आणि १२,५०,००० गाळ्यावर कर्ज काढून. टॅक्सचे पैसे चेकने. एक रुपया रोखीत दिलेला नाही, सगळ्याच्या पावत्या फाइलला आहेत. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण ‘मॅडम, अर्धे रोखीत दिले असतील ना’ हेही मला पोलीस स्टेशनात ऐकावं लागलं.

जुन्या गाडीत एवढे पैसे कोण घालतं, असं म्हणणाऱ्यांसाठी. माझा गोरेगावला पॅकेजिंगचा गाळा आहे, घर पार्ल्याला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्याचा कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, हातात आला. घरात सात माणसं, गाव गुहागरकडे, सासूबाईंचे गुडघे दोन्ही गेलेले. सेडानमध्ये वाकून बसवायचं, कशेडी घाटाच्या पुढे कुठेतरी थांबून पाय सरळ करायला लावायचे, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. उंच, एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी), तिसऱ्या रांगेतही मोठं माणूस नीट बसेल अशी गाडी हवी होती. मर्सिडीजची जीएलएस, बीएमडब्ल्यूची एक्स७ अशा गाड्या नव्या घ्यायच्या तर एक कोटीच्या पुढे, आणि महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के टॅक्स वेगळा. या गाड्यांची किंमत पहिल्या पाच-सहा वर्षांत निम्म्याच्याही खाली येते. म्हणून सहा-सात वर्षांची, कमी चाललेली घ्यायची ठरवली. हिशोब बरोबरच होता, आजही म्हणेन. माणूस चोर निघाला.

गाडी २०१८ची, तीन लिटर डिझेल, जर्मन. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष बनवणाऱ्यांचा नाही. शोरूम अंधेरीत लिंक रोडला, काचेचं, आत कॉफी मशीन. मालक मराठी बोलणारा, माझ्यापेक्षा लहान. ‘ताई, आपल्या माणसाला फसवून मी कुठे जाणार?’ हे त्याचं वाक्य. मीटरवर ४१,३०० किलोमीटर. पासिंग जीजे ०६. वडोदऱ्याच्या एका डॉक्टरांची गाडी, आरसीवर पहिला मालक तेच, क्लिनिक ते घर एवढीच चाललेली. आरसी मी वाहन पोर्टलवर टाकून पाहिली होती. पहिला मालकच दाखवत होतं. कर्जाचा बोजा नव्हता, चलन नव्हतं. जे घरबसल्या तपासता येतं ते सगळं तपासलं होतं.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही.

दार उघडल्या उघडल्या परफ्यूमचा भपका आला. एवढ्या महागड्या गाडीत एवढा परफ्यूम कशाला, हा प्रश्न तेव्हाच मनात आला. तिसऱ्या रांगेची सीट आडवी करायला वाकले तेव्हा त्या भपक्याखालून दुसरा वास आला, बंद कपाटात ओले कपडे राहिले की येतो तसा. मी विचारलं. हे ठासून लिहिते, मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, कालच इंटिरिअर शॅम्पू केलंय. मुंबईच्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो.’ जानेवारी महिना होता. जानेवारीत पार्ल्यात चादर दोन तासांत वाळते! हे मी रोज बघते, आणि तरी त्या झगझगीत दिव्यांखाली त्याचं म्हणणं पटल्यासारखं वाटलं, कारण त्याने ते उत्तर तयार ठेवलं होतं. त्याला माहीत होतं की वासाचा प्रश्न येणार.

दुसरं, इन्शुरन्स. पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. सहा वर्षांची, एकही ओरखडा नसलेली गाडी आणि बोनस शून्य कसा? तेही विचारलं. उत्तर आलं, ‘नो क्लेम बोनस माणसाचा असतो ताई, गाडीचा नाही. डॉक्टरांनी तो आपल्या नव्या गाडीला नेला.’ हा नियम खरा आहे. मी घरी येऊन खात्री केली, खरंच तसंच आहे. खरा नियम सांगून खोटी गाडी गळ्यात मारली. असं उत्तर मिळालं तर आधीच्या वर्षाची पॉलिसी आणि क्लेमचे कागद मागा. ‘नाहीत’ म्हणाला तर उठा.

आमचे गॅरेजवाले काका दुसऱ्या दिवशी सकाळी यायला तयार होते. पण संध्याकाळीच फोन आला, ठाण्याची पार्टी टोकन घेऊन निघालीय, ‘तुमच्यासाठी मी आठपर्यंत थांबवतो.’ एक लाख पाठवले. सकाळी काका गेले तर गाडी ‘डिटेलिंगला’. मग हातात आला शोरूमचाच छापील तपासणी रिपोर्ट, पानभर हिरवे टिकमार्क. विकणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर केलेल्या तपासणीला काडीची किंमत नाही. बाहेरचा माणूस गाडीचे कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर घेऊन न्या, चार-पाच हजार लागले तर लागू देत.

फेब्रुवारीत डिलिव्हरी. आठवडाभरात सकाळी गाडी मागून डावीकडे खचलेली दिसायला लागली. इंजिन सुरू केलं की वर यायची. फोन केला तर ‘एअर सस्पेन्शनमध्ये एवढं नॉर्मल आहे.’ नॉर्मल नाही. अशी गाडी पाहायची तर रात्रभर उभी असलेली, थंड, सकाळी पाहायची आणि चारही चाकांवरचं अंतर बोटांनी मोजायचं. मला प्रत्येक वेळी गाडी आधीच सुरू करून समोर आणली गेली होती.

मार्चमध्ये शिमग्याला गावी निघालो. वडखळच्या अलीकडे स्क्रीनवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, मग सस्पेन्शनचा, मग गिअर अडकला. भर उन्हात, मागे ट्रक, गाडीत सासूबाई आणि दोन मुलं. टोइंगला ९,५०० गेले. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या तपासणीचे ८,२६०.

तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने माझ्यासमोर पुढची सीट खोलली आणि कार्पेट उचललं. वरून कार्पेट नवंकोरं. खालच्या फोमवर त्याने बोटं फिरवली, तर बोटांवर पिवळसर बारीक गाळ आला. वायरिंगचा एक कनेक्टर काढून दाखवला, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. सीटच्या रुळांवर ताजा काळा रंग आणि रंगाखाली गंज. मग त्याने तिसऱ्या रांगेचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. एरवी तेवढा कोणी ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी मातीची रेघ होती. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते त्या रेघेवर लिहिलेलं होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायला दहा सेकंद लागतात. कुठलीही जुनी गाडी बघताना सगळ्यात आधी हे करा, बॉनेट नंतर.

किलोमीटरचंही तेच. या गाड्यांत चाललेलं अंतर फक्त मीटरमध्ये नसतं, गिअरबॉक्स आणि इतर मॉड्यूलमध्येही (छोट्या कॉम्प्युटरमध्येही) त्याची नोंद राहते. मीटर ४१,३०० म्हणत होता, गिअरबॉक्सचं मॉड्यूल ९६,८००. दुरुस्तीचं एस्टिमेट ११,८६,४००. एअरबॅगचं मॉड्यूल, वायरिंग, गिअरचा कंट्रोलर, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर. आणि एवढं करूनही पाण्यात गेलेल्या गाडीची एअरबॅग वेळेला उघडेलच, हे लेखी देणार नाही म्हणाले. त्या गाडीत मी माझी मुलं बसवली होती.

गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओची एनओसी लागते, तिच्यावरच्या पत्त्यावरून डॉक्टर सापडले. भला माणूस. म्हणाले, गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडाली, इन्शुरन्सने टोटल लॉस केली, क्लेमचे पैसे घेऊन आणि ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या देऊन ते मोकळे झाले. म्हणजे दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर जाणार होती, म्हणून विमा कंपनीने गाडी सोडली. ती भंगाराच्या लिलावात गेली, तिथून एका गॅरेजात, तिथून अंधेरीच्या काचेत. मधल्या कुणीच आपल्या नावावर केली नाही, म्हणून कागदावर ‘फर्स्ट ओनर’ खरंच होता! आणि माझे ५,४०,००० घेऊनही शोरूमवाल्याने ना टॅक्स भरला, ना नाव बदललं. गाडी आजही डॉक्टरांच्या नावावर. रस्त्यात काही झालं तर कायद्याने नोंदणीकृत मालक अडकणार, त्यामुळे आता त्यांनीच घाबरून मला वकिलाची नोटीस पाठवली आहे. त्यांना दोष देत नाही. टॅक्सचे पैसे डीलरच्या हातात देऊ नका. पोर्टलवर स्वतः भरा, पावती आपल्या मोबाइलवर आली पाहिजे.

शोरूमवाला आधी ‘ताई, बघतो’ म्हणत राहिला, मग फोन उचलेनासा झाला, मग त्याच्या वकिलाचं पत्र आलं: डिलिव्हरी नोटच्या मागे ‘ॲज इज व्हेअर इज’, म्हणजे ‘जशी आहे तशी घेतली’, छापलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे. चावी देताना, पेढा हातात ठेवताना घेतलेली सही. जाहिरातीत ‘फ्लड फ्री, ॲक्सिडेंट फ्री’ लिहिलेलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. आज तोच माझा सगळ्यात मोठा पुरावा. तुम्हीही जाहिरात दिसली की लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ती गायब होते.

आणि आता ज्यांनी मदत करायची ते.

घराजवळच्या पोलीस स्टेशनात गेले, तर म्हणे व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडे गेले, तर म्हणे पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडे जा. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी, कुठेही नोंदवता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये लिहिलं आहे, हे मी छापून नेलं होतं. ड्यूटीवरच्या साहेबांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, ‘हे दिवाणी आहे. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ गाळा माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, चेकवर सही माझी. मिस्टर कशाला? जाणूनबुजून पुरातली गाडी लपवून विकणं, मीटर मागे फिरवणं, टॅक्सचे म्हणून घेतलेले पैसे खिशात घालणं, ही फसवणूक नाही तर काय आहे? न्याय संहितेतलं ३१८ कलम मग कोणासाठी आहे? शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. त्याचं पुढे काय झालं विचारलं की ‘चौकशी चालू आहे.’ कोणाची चौकशी? शोरूम रोज सकाळी उघडतं, रोज गाड्या विकतं.

आरटीओत तर मीच गुन्हेगार. ‘परराज्यातली गाडी टॅक्स न भरता चालवताय?’ एक एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २९बी, आणि गाडी ताब्यात आली की तशी नोंद पोर्टलवर करावी लागते. नियम केंद्राचा आहे, छान आहे. या शोरूमकडे ते प्रमाणपत्र आहे का, एवढंच मी विचारलं. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर, आणि तिथून ‘माहिती अधिकारात अर्ज टाका.’ टाकला. अर्ज दुसऱ्या शाखेकडे वर्ग केल्याचं पत्र आलं. ज्या नियमाची माहिती नियम राबवणाऱ्याला खिडकीवर देता येत नाही, त्याने कोणाचं संरक्षण होणार? टोकन देण्याआधी डीलरकडे २९बीची प्रत मागा. तो बावचळला तर समजून जा.

विमा कंपनीला विचारलं, भंगार कोणाला विकलं. ‘त्रयस्थ व्यक्तीस माहिती देता येत नाही.’ चाळीस लाख माझे गेले, आणि त्रयस्थ मी!

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगात येतो. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात समोरचा वकील गैरहजर, मग मुदतवाढ, मग पुढची तारीख. गाळ्याच्या कर्जाचा हप्ता २६,८६८, तो मात्र एका दिवसाचीही मुदतवाढ देत नाही.

ऑगस्ट २०२४ नंतर ज्यांनी जीजे ०६ पासिंगची मोठी गाडी मुंबईत घेतली असेल, किंवा डिसेंबर २०२३ च्या वादळानंतर चेन्नईची, किंवा सप्टेंबर २०२२ नंतर बेंगळुरूची, त्यांनी आजच सीट बेल्ट ओढून बघा, कार्पेट उचला. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, ती धावते आहे. गाळ निघाला तर गाडी धुवायला देऊ नका. आधी फोटो, व्हिडिओ आणि कंपनीच्या वर्कशॉपचा लेखी, शिक्क्याचा रिपोर्ट. डीलर गोड आवाजात म्हणेल, ‘आणा इकडे, आम्ही बघून देतो.’ देऊ नका. गाडी त्याच्या आवारात गेली की कार्पेट, फोम, बेल्ट सगळं बदललं जाईल आणि पुरावा त्याच्याच कचऱ्यात जाईल.