सात महिने, तीन अ‍ॅप आणि चोवीस नंबरचं पिवळं इंट्राकॅथ

मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून मला अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू आणि जुलाबाने वॉर्ड असा भरला की एका खाटेवर दोन-दोन मुलं. त्यात एका नव्या डॉक्टरांनी फोनमधलं शिरा दाखवणारं अ‍ॅप दाखवलं आणि मी त्याच रात्री वर्षाचे पैसे भरून ते घेतलं. पुढे आणखी दोन घेतली, ती फुकट होती. आता सात महिने वापरून झालेत, म्हणून लिहितेय.

आधी ते पैसे भरलेलं. घरी स्वतःच्या हातावर धरलं तर काय सुंदर दिसलं! मागचा सगळा हात हिरवट-काळ्या रेषांनी भरला. पण माझ्या शिरा तशाही दिसतातच, रोज भांडी घासणारा हात आहे. दुसऱ्या दिवशी आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ आलं, जुलाबाने डोळे खोल गेलेले. मनगटात मनगट्या, त्या काढायला आजी तयार नाही. कशाबशा वर सरकवल्या, फोन धरला, तर पडद्यावर नुसतं मऊ करडं मांस. शेवटी घोट्याच्या आतल्या हाडापुढे बोटाने चाचपून पायाला सलाईनची लाईन लावली.

शिरा दाखवणारी जी खरी यंत्रं असतात ती इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. शिरेतलं रक्त तो शोषून घेतं, म्हणून शीर काळी उमटते. फोनच्या कॅमेऱ्यात मात्र इन्फ्रारेड अडवणारी काचच बसवलेली असते. म्हणजे अ‍ॅप करतं काय, तर साध्या फोटोतला रंगांचा फरक वाढवून दाखवतं. जे डोळ्याला थोडं दिसतं ते जास्त दिसतं, जे दिसतच नाही ते दिसत नाही. सावळ्या कातडीवर आणखी कमी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या हातावर मेंदी होती, तर अ‍ॅपने मेंदीची वेलच गडद करून दिली. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, लावा आता फुलात सुई."

शिवाय फोन धरायचा कुणी? एका हाताने मुलाचा हात ताणून धरलेला, दुसऱ्या हातात इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बारीक नळी सोडायची सुई. वॉर्डबॉय मामा फोन धरायचे, पण त्यांचा हात हलला की रेषा हलायची. एकदा नेमका फ्लॅश येताना, म्हणजे सुई शिरेत जाऊन मागे रक्त दिसताना, सासूबाईंचा फोन आला. तेव्हापासून विमान मोड. आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दर वेळी स्पिरिटने पुसायचा, हेही काम आलंच.

दुसरं अ‍ॅप दिसायला अगदी रडकं आहे, पण मी सगळ्यात जास्त तेच उघडते. त्यात दिवा (DIVA) स्कोअर काढता येतो, म्हणजे शीर मिळणं किती अवघड जाईल त्याचे गुण. हा स्कोअर २००८ साली प्रसिद्ध झाला. शीर दिसत नाही, २. हाताला लागत नाही, २. वय वर्षाच्या आत, ३. एक ते तीन वर्षांचं असेल तर १. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, ३. बेरीज ४ किंवा जास्त आली की पहिलं टोचणं फुकट जायची शक्यता निम्म्याहून जास्त. त्या मनगट्यावाल्या बाळाचा ७ आला असता.

ही बेरीज बोटांवरही होते, मग अ‍ॅप कशाला? तर आकडा पडद्यावर दिसला की कुणी "तुला जमत नाही का?" असं म्हणत नाही. पूर्वी आम्ही इरेला पेटायचो. मी स्वतः एका मुलाला चार वेळा टोचलंय, बाप भिंतीशी उभा राहून मोजत होता. आता आमच्या वॉर्डात ठरलंय, आकडा ४ किंवा वर गेला की नवीन मुलीने सुई हातात घ्यायचीच नाही, आधी मोठ्या सिस्टरना हाक मारायची. आणि मूल शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्ताभिसरणच ढासळलेलं असेल, तर फोन खिशातच. तिथे लाईन झटकन लागली नाही तर डॉक्टर नडगीच्या हाडात सुई घालतात, अ‍ॅप उघडायला वेळ कुणाला आहे?

तिसरं वजनावरून सलाईनचा वेग आणि थेंब मोजणारं, ते मी काढून टाकलं. त्यात मुळात एका मिलिला १५ थेंब पाडणारा सेट धरलेला असतो आणि आम्ही मुलांना मायक्रो सेट लावतो, म्हणजे एका मिलिला ६० थेंब. तासाला जितके मिलि तितकेच मिनिटाला थेंब, त्याला अ‍ॅप लागतच नाही. वर एकदा घाईत बाळाचं वजन टाकताना ८.५ किलोतलं टिंब उमटलंच नाही. ८५ किलोच्या हिशेबाने तासाला १२५ मिलि आले. बाळाला हवे होते ३४. कागदावर करायची सवय होती म्हणून वाचले.

आता ज्याच्यामुळे पहिलं अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे ते सांगते. आम्ही मुलांना आईच्या फोनवर कार्टून लावून देतो. पण वॉर्डात रेंज नाही, मध्येच जाहिरात येते, आणि सुई झाल्यावर फोन काढून घेतला तर पोर सुईपेक्षा जास्त रडतं. एका चार वर्षांच्या मुलाने माझाच फोन ओढला. म्हटलं बघ बाबा, तुझ्याच हाताचं आत काय आहे. त्याच्या हातावर धरला. तो थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "झाड आहे." मी विचारलं, कुठली फांदी मोठी? त्याने बोट ठेवलं. ती शीर मला नको होती, फाटा जरा वरचा हवा होता, पण तेवढ्यात माझ्या बोटाने तो वरचा फाटा शोधला होता. तो फांद्या मोजत होता आणि पिवळं इंट्राकॅथ आत गेलं. सुई टोचली तेव्हा ओरडला, नाही असं नाही. पण हात ओढला नाही.

तेव्हापासून तीन वर्षांवरच्या मुलांना मी आधी झाड दाखवते. सगळ्यांवर चालत नाही. दोन वर्षांच्याला झाडाशी काही देणंघेणं नसतं, त्याला आईची मांडीच लागते. तान्ह्याला अंगावर पाजत ठेवलं तर त्याहून बरं काही नाही.

त्या मुलाला पाचव्या दिवशी घरी सोडलं. लाईन काढून कापूस दाबला, तर तो कापूस उचलून बघायला लागला की झाड अजून आहे का. पुन्हा फोन काढून दाखवावं लागलं. अ‍ॅपची मुदत जुलैमध्ये संपते. तेव्हा पुन्हा पैसे भरीन, पण कंपनीने जाहिरातीत म्हटलंय त्या कामासाठी नाही.