पूर्वज सांगणारी डीएनए किट : निपाणी-बेळगावकरांनी मागवावी का?

ऑनलाइन मिळणाऱ्या थुंकीच्या किटमध्ये नळी, फनेल, द्रव भरलेलं टोपण आणि बारकोड, बस एवढंच. सगळी मेख नमुन्यात आहे. आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद, चहासुद्धा नाही. निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांनी आधी खळखळून चुळा भराव्यात आणि मग अर्धा तास मोजावा. थुंकी रेघेपर्यंत, साधारण २ मिली, लागते. फेस धरायचा नाही. फेसालाच भरलं समजल्यामुळे बरेच नमुने अपुरे ठरतात. टोपण घट्ट लावलं की द्रव नळीत उतरतो. मग नळी नीट हलवायची. तो मिसळला नाही, तर एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरमध्येच डीएनए तुटायला लागतो. नळीवर नाव नसतं, म्हणून बारकोड साइटवर नोंदवूनच डबा बंद करावा.

उन्हाचा मुद्दा किरकोळ नाही. उष्ण हवेत डीएनए लवकर खराब होतो, त्यामुळे हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या जागेवरच्या सांगाड्यांच्या साठाहून अधिक नमुन्यांतून जेमतेम एका बाईचा डीएनए कामाचा निघाला. पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे, जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राईख यांच्या २०१९ च्या त्या संशोधनात तिच्यात इराणकडच्या लोकांशी नातं सांगणारा आणि दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी लोकांचा अंश दिसला. युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या (स्टेप) पशुपालकांचा अंश नव्हता. तो आपल्याकडे नंतर आला.

रिपोर्टमध्ये पैसे वसूल होतात ते मातृवंशाच्या पानावर. आईकडून येणारा १६,५६९ अक्षरांचा हा छोटा डीएनए हजारो वर्षांची वाट दाखवतो. भारतात निम्म्याहून जास्त लोकांत 'एम' हा मातृवंशाचा गट सापडतो, तेव्हा तो आला म्हणून हुरळून जाऊ नये. पितृवंश फक्त पुरुषांच्या नमुन्यात कळतो. बाईला हवा असेल तर सख्ख्या भावाची किंवा वडिलांची थुंकी पाठवावी.

टक्केवारीचं रंगीत वर्तुळ मात्र फारसं मनावर घेऊ नका. कंपनीची डीएनए वाचणारी चिप जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमधल्या, सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी काही लाख जागाच वाचते आणि कंपनी त्या आपल्याकडे असलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते. खानापूर, चिकोडीकडचे लोक त्या यादीत नसतील, तर जवळच्या ढिगात टाकून मोकळी होते. म्हणून एकाच माणसाचे आकडे दोन कंपन्यांत वेगळे येतात. 'मराठी' किंवा 'कन्नड' असा गट जनुकांत नसतो. सीमाप्रश्न काही थुंकीने सुटायचा नाही.

मागवण्याआधी दोन गोष्टी पाहा : मातृवंशाचा गट रिपोर्टमध्ये देतात का, आणि मूळ डेटा डाउनलोड करता येतो का. दोन्ही नसेल तर घेऊ नका. संशोधनाच्या संमतीची खूण वाचल्याशिवाय करू नका. त्यात तुमच्या भावंडांचीही माहिती जाते.