सिनिअर पोर्ट्रेट: शाळेचा स्टुडिओ की बाहेरचा फोटोग्राफर?

जूनच्या सुमारास घरी एक चकचकीत पाकीट येतं. तुमचं मूल आता बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत 'सिनिअर', तेव्हा अमुक तारखेला अमुक वाजता स्टुडिओत फोटोला यावं. सोबत पॅकेजांचा तक्ता. तो वाचून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि एक जण म्हणतो, "एवढे? फोटोचे?" आमच्याकडे हे दोनदा झालं. थोरल्याच्या वेळी, २०१७ च्या उन्हाळ्यात, आम्ही सगळं शाळेच्या स्टुडिओकडून घेतलं. धाकटीच्या वेळी, २०२२ मध्ये, बाहेरची फोटोग्राफर लावली. हे सगळं शिकागोच्या पश्चिमेचं, नेपरव्हिलच्या आसपासचं. टेक्सासात किंवा जर्सीत आकडे वेगळे निघतील, पण रीत थोडीफार हीच असावी.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण आमचे पैसे त्यातच गेले. इयरबुकमधला, म्हणजे शाळेच्या वर्षअखेरच्या फोटोंच्या पुस्तकातला फोटो वेगळा आणि 'सिनिअर पिक्चर्स' म्हणून जे काढतात ते वेगळे. इयरबुकात सगळे चेहरे एकाच पार्श्वभूमीवर, एकाच मापात दिसावेत म्हणून बऱ्याच शाळा तो फोटो कंत्राट दिलेल्या स्टुडिओतच काढायला लावतात. तिथे जाणं भाग असतं. तिथून काही विकत घेणं मात्र भाग नसतं. आमच्या पाकिटात हे लिहिलेलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मला ते दुसऱ्या मुलाच्या वेळी दिसलं.

शाळेच्या स्टुडिओची बाजू आधी मांडतो. माझं मन त्याच्याविरुद्ध आहे हे मला माहीत आहे, म्हणून जरा जास्तच जपून.

काम चोख होतं. थोरला वीस मिनिटांत मोकळा. मुलांना घालतात तो टक्सेडो, म्हणजे समारंभाचा काळा सूट, नुसता पुढून असतो, मागे वेल्क्रो. त्याखाली आमच्या चिरंजीवांची बास्केटबॉलची हाफ पँट होती आणि फोटोत कोणाला पत्ता लागत नाही. मुलींना काळ्या मखमलीचं 'ड्रेप' देतात, खांद्यांवरून ओढून पाठीमागे चिमट्यांनी आवळलेलं. ही मुलगा-मुलगी वाटणी वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. मिसिसिपीत एका मुलीने ड्रेपऐवजी टक्सेडो घातला म्हणून तिचा फोटो इयरबुकातून वगळला गेला, २०१० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, आणि तडजोडीत शाळेने सगळ्यांचे फोटो पदवी समारंभाच्या टोपी-गाऊनमध्ये काढायचं कबूल केलं. तुमच्या मुलीला ड्रेप नको असेल तर शाळेत आधी विचारून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर इयरबुकची पोझ फुकट. टोपी-गाऊन आणि स्वतःचे कपडे मिळून सेशनचे ३५ डॉलर. आम्ही घेतलेलं मधलं पॅकेज २८९ डॉलरचं: दोन ८×१० इंची, चार ५×७ इंची आणि ४८ वॉलेट, म्हणजे पाकिटात मावतील असे फोटो. मुरुमं पुसायचे वेगळे, टॅक्स वेगळा. तक्त्यात मधलंच पॅकेज ठळक चौकटीत असतं आणि माणूस तेच घेतो, तसं आम्हीही घेतलं.

त्या वॉलेटची गंमत अशी, की एकेकाळी इथे मुलं शेवटच्या वर्षी हे छोटे फोटो एकमेकांना द्यायची आणि मागे चार ओळी लिहायची, आपल्याकडे निरोप समारंभाच्या आधी वह्या फिरायच्या तसं. आता ते बरंचसं इन्स्टाग्रामवर उरकतं. आमच्या मुलाने ११ वाटले. उरलेले ३७ अजून ड्रॉवरमध्ये आहेत, रबर लावून.

एवढी किंमत का, याचं एक कारण म्हणजे स्टुडिओ बरंच काही शाळेला परत देतो. कुठे विक्रीतला वाटा, कुठे फुकट ओळखपत्रं, कुठे इयरबुकसाठी सामन्यांचे आणि कार्यक्रमांचे फोटो. तेव्हा तिथे गेलेला पैसा अगदीच वाया जातो असं म्हणता येत नाही. आणि हा धंदा किरकोळही नाही. शाळांचे फोटो काढणारी सगळ्यांत मोठी कंपनी लाइफटच, १९३६ साली मिनेसोटात सुरू झालेली, ती २०१८ मध्ये शटरफ्लाय या ऑनलाइन फोटो छापणाऱ्या कंपनीने ८२.५ कोटी डॉलरना घेतली. (आमच्या शाळेचं कंत्राट त्यांच्याकडे नव्हतं, एका लहान स्टुडिओकडे होतं. पुढचं गाऱ्हाणं त्या स्टुडिओचं.)

तर गाऱ्हाणं. फोटो काढल्यावर आठवड्याभरात ऑनलाइन गॅलरीची लिंक आली. प्रत्येक फोटोत पोराच्या तोंडावर, डाव्या कानापासून उजव्या गालापर्यंत, तिरप्या इंग्रजी अक्षरांत 'प्रूफ'. ते असायला हरकत नव्हती, कच्च्या प्रतीवर असतंच. पण माझी आई सांगलीत त्या फोटोची वाट बघत होती. रोज फोन. "काढला का रे फोटो? मग पाठव की." विना अक्षरांची डिजिटल फाइल पाहिजे तर एका पोझचे ८० डॉलर, आणि तेही आधी पॅकेज घेतलं असेल तरच. सगळ्या पोझ एकत्र पाहिजे तर पाचशेच्या वर. कागदावरचे फोटो यायला दोन-अडीच महिने. शेवटी मी स्क्रीनशॉट काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच फोन. "चांगला आलाय रे. पण तोंडावर हे आडवं काय लिहिलंय?" मी ऑफिसात होतो, मीटिंग चालू व्हायची होती. म्हटलं, "शाळेचं आहे गं ते, असू दे."

पुढे नोव्हेंबरात कागदी फोटो आले. म्हटलं ८×१० ची प्रत काढून एक सांगलीला आणि एक पुण्याला मावशीकडे पाठवू. औषधाच्या दुकानातल्या फोटो काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी फोटो बघितला आणि विचारलं, फोटोग्राफरचं परवानगीपत्र आहे का? नव्हतं. त्यांनी फोटो नम्रपणे परत दिला. त्यांचं काही चुकलं नाही. इथल्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो ज्याने काढला त्याचा, लेखी काही वेगळं ठरलं नसेल तर. कायदा मला पटतोसुद्धा. पण पोरगा माझा, साडेतीनशे डॉलर मी मोजलेले, आणि त्याच्या आजीसाठी प्रत काढायला दारोदार, हे काही केल्या घशाखाली उतरेना. वॉलेट, वेल्क्रो, मुरुमांचे पैसे, सगळं मी विसरलो असतो. हे नाही विसरलो.

शेवटी सुटीत सांगलीला जाताना आमच्या वाट्याचा एक ८×१० बॅगेत घालून नेला.

म्हणून धाकटीच्या वेळी मी एकच प्रश्न घेऊन बसलो: फाइली देता का, आणि घरगुती छपाईची परवानगी लेखी देता का? इथे त्याला 'प्रिंट रिलीज' म्हणतात. कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहतो, पण स्वतःपुरतं तुम्ही कुठेही छापू शकता. तीन जणांना विचारलं. एकाने फाइली कमी मापाच्या दिल्या असत्या, फक्त फेसबुकपुरत्या. दुसरीचं काम छान होतं, पण भिंतीवरचे मोठे फोटो तिच्याकडूनच घ्यायचे अशी अट, आणि त्यांचे भाव हजाराच्या पुढे. म्हणजे बाहेरचा फोटोग्राफर म्हटलं की सुटलो असं नाही, शाळेच्या स्टुडिओचा तक्ताच काही जण सुंदर वेबसाइटवर लावून बसलेले असतात. तिसरीने ४७५ डॉलरमध्ये दीड तास, तीन पोशाख, ३० फाइली आणि परवानगीपत्र दिलं. तीच ठरवली.

त्रास तिथेही आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी एप्रिलमध्ये नाव घालावं लागलं. १५० डॉलर आगाऊ, परत न मिळणारे. ठरल्या शनिवारी पाऊस, मग आठवडाभर पुढे. स्टुडिओत डास नसतात, इथे होते. बागा आणि उद्यानांचंही बघावं लागतं, व्यावसायिक फोटोग्राफरला बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो आणि त्याचे पैसे कोण भरणार हे आधी ठरलेलं बरं. आमच्या धाकट्या बाईसाहेबांना रेल्वेच्या रुळांवर फोटो पाहिजे होता, इन्स्टाग्रामवर कोणाचा तरी बघितलेला. फोटोग्राफरने सरळ नाही म्हटलं. रूळ रेल्वे कंपनीच्या मालकीचे, तिथे जाणं बेकायदा, आणि गाडी वाटते त्यापेक्षा खूप आधी अंगावर येते. तिच्याबद्दल माझं मत तिथेच पक्कं झालं.

पण मिळालं तेही सांगतो. इथल्या गवताळ राखीव भागांत सप्टेंबरअखेर ब्लूस्टेम गवत पुरुषभर उंच होतं आणि तांबूस पडतं. त्यात संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात धाकटी आजीची इरकल नेसून उभी राहिली. साडी बायकोने पार्किंगमध्ये, गाडीच्या दोन दारांच्या आडोशाला नेसवली. पदराचा लाल रंग आणि मागचं गवत असं काही जुळलं की फोटोग्राफरनेच दोनदा कॅमेरा खाली घेतला. मग जीन्स, मग हातात व्हायोलिन. शाळेच्या स्टुडिओतही 'स्वतःचे कपडे' चालतात, साडीही चालली असती, पण तीन मिनिटांत आणि करड्या पडद्यापुढे.

शिवाय या फाइली लागतात किती ठिकाणी, हे पहिल्या वेळी लक्षातच आलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये नातेवाइकांना पदवीची कार्डं पाठवायची, त्यावर फोटो. इयरबुकात आईवडिलांनी अभिनंदनाची जाहिरात घ्यायची, त्यात लहानपणच्या फोटोशेजारी आताचा. पार्टीला गॅरेजमध्ये फळा, त्यावर दहा फोटो. थोरल्याच्या वेळी शेवटी नाइलाजाने ८० डॉलरला घेतलेली एकच फाइल सगळीकडे फिरली. कार्डावर तोच, फळ्यावर तोच, मराठी मंडळाच्या अंकात तोच.

आता उलट बाजूही खरी आहे. थोरल्याचे फोटो कागदावर आहेत. धाकटीच्या ३० फाइलींपैकी आम्ही इथे आजवर छापल्या चार. पूर्वी असले फोटो कॉस्टकोत छापायचो, ते दुकानातले काउंटर २०२१ मध्ये बंद झाले आणि तेव्हापासून आमचा आळस वाढला. अल्बम करायचा असं दर दिवाळीला ठरतं. हाताला लागणारी वस्तू हवी आणि ती कोणीतरी करून आणून द्यावी, असा तुमचा स्वभाव असेल तर पॅकेज इतकं वाईट नाही. मुलगा कॅमेरा बघून तोंड वाकडं करणारा असेल तर दीड तास बाहेर काढणं दोघांनाही शिक्षा. तेव्हाही स्टुडिओच बरा.

चांगला कॅमेरा असलेल्या मित्राकडून काढून घ्यायचा तिसरा मार्ग आहेच. मित्र खरोखर चांगले काढणारा असेल तर जरूर घ्या. नसेल तर मैत्रीचं बघा.

माझ्यापुरतं विचाराल तर शाळेच्या स्टुडिओत जायचं, इयरबुकची फुकट पोझ काढून घ्यायची, हसून बाहेर पडायचं, आणि ते पॅकेजचे पैसे बाहेरच्या फोटोग्राफरकडे वळवायचे. शंभर-सव्वाशे डॉलर जास्त जातील. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम तेवढी देऊ नका.

धाकटीची फाइल ज्या संध्याकाळी आली त्याच संध्याकाळी सांगलीला गेली. आईने ती कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठी करून घेतली. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन्ही नातवंडं शेजारी शेजारी फ्रेममध्ये. थोरल्याचा बघतो तर तोच स्क्रीनशॉट, कानापासून गालापर्यंत 'प्रूफ'. आम्ही बॅगेतून नेलेला ८×१० कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, खराब होईल म्हणून. म्हटलं, "अगं, चांगला आणलाय ना, तो लाव की."

"असू दे. याच्यावर शाळेचा शिक्का आहे," आई म्हणाली. मग धाकटीच्या फोटोकडे जरा काळजीने बघत, "हिच्यावर का नाही रे मारला?"