ईसी बेळगावात की ईएनटीसी कोल्हापुरात?

बारावीनंतर इंजिनीअरिंगला जाणाऱ्या सीमाभागातल्या मराठी मुलांना हा प्रश्न पडतो. शाखा एकच, इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशनची. कर्नाटकात तिला ईसी म्हणतात, महाराष्ट्रात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). सिग्नल्स अँड सिस्टिम्स, डिजिटल कम्युनिकेशन, अँटेना, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) हे विषय दोन्हीकडे आहेत. त्यामुळे 'कुठलं शिक्षण भारी' या वादात फारसा अर्थ नाही. खरा फरक प्रवेशापासून सुरू होतो.

केसीईटी म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा. तिच्या रँकमध्ये पीयूसीच्या (कर्नाटकातली बारावी) फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांना निम्मं वजन असतं. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीच्या मेरिटला बोर्डाचे गुण धरत नाहीत, आणि 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. वर्षभर नेटाने अभ्यास करून पीयूसीला चांगले गुण पाडणाऱ्याला बेळगावची वाट सोपी. गणितात तरबेज, पण बोर्डात घसरलेल्याला कोल्हापूरची. माझं मत विचाराल तर दोन्ही परीक्षा द्याच.

रोजच्या प्रवासाचंही बघा. खानापूरच्या मुलीला बेळगाव जवळ. घरून ये-जा होते, खोलीभाडं वाचतं. निपाणीकराला मात्र कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव जवळपास दुप्पट लांब. व्हीटीयूत (बेळगावची कॉलेजं ज्या विद्यापीठाखाली येतात ते) कन्नडचा एक विषय असतो, पण कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' वेगळं आहे, आणि आपल्या पोरांनी शाळेत कन्नड गिरवलेलंच असतं. तेवढ्यासाठी बेळगाव सोडू नका.

बेळगावच्या उद्यमबागेतलं गोगटे कॉलेज 1979 चं, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचं केआयटी कॉलेज 1983 चं. दोन्ही जुनी आणि स्वायत्त. तरी नावावर जाऊ नका, लॅब बघायला जा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा: एका सीआरओवर (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) कितीजण बसता? एएमचा (अँप्लिट्यूड मॉड्युलेशन, म्हणजे संदेशानुसार वाहक लहरीची उंची बदलणं) प्रयोग स्वतः केलात की सरांनी दाखवला? त्या प्रयोगात संदेशाचा जोर वाढवत नेला की पडद्यावरच्या लहरीची बाह्यरेषा फुगत जाते, आणि मॉड्युलेशन इंडेक्स (संदेशाचा जोर वाहक लहरीच्या तुलनेत किती, तो आकडा) 1 च्या वर गेला की ती मोडते. तिथेच आवाजही फाटतो. हे ज्याने स्वतःच्या हाताने नॉब फिरवून पाहिलं, त्याला पुढे फोरियरची (लहरींचं पृथक्करण करणारी) गणितं परकी वाटत नाहीत. ज्याने नुसतं जर्नल उतरवलं, तो चौथ्या वर्षाच्या इंटरव्ह्यूत अडखळतो. ही एक गोष्ट मला फी आणि अंतराइतकीच मोलाची वाटते.

दहावीनंतरच ठरवत असाल तर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हात आधी तयार होतो. गणित मात्र तेवढ्या काळात स्वतःहून चालू ठेवावं लागतं.

कोल्हापूरचं मनात असेल तर एक काम आत्ताच करा. महाराष्ट्राच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) विवादित सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. आपलं गाव त्या 865 गावांत आहे का ते बघा आणि रहिवासाचा, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला फॉर्म सुटायच्या आधीच काढून ठेवा. ऐन वेळी कचेरीत खेटे घालताना पहिली फेरी निघून जाते.