‘ओमबिम काही नसतं साहेब’ म्हणत माझे ५०,०५० रुपये बुडवले

गाडीत साउंड सिस्टीम बसवून घेतली आणि तिच्या वायरिंगमधून चालत्या गाडीत धूर निघाला. आधी आकडे लिहितो, कारण पोलीस चौकीत ते कुणी शेवटपर्यंत ऐकूनच घेतले नाहीत. चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर १४,५००. बारा इंची दोन सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर), ५,२०० प्रमाणे १०,४००. त्यांचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडाचा) बॉक्स ४,५००. वायरिंग किट ३,८००. मजुरी २,५००. झाले ३५,७००. त्यातले २०,००० यूपीआयने दिले आणि १५,७०० रोख. पुढे गाडी टो करून आणायला २,५०० आणि जळालेलं कार्पेट व त्याखालचं हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) बदलायला ११,८५०. एकूण ५०,०५०. पगारदार माणसाला हे पैसे साठवायला किती वेळ लागतो ते मी सांगायला नको.

दुकान पुण्यातलं, चांगलं चालणारं. बाहेर गाड्यांची रांग, काउंटरवर दोन माणसं, भिंतीवर कंपन्यांची सर्टिफिकेटं. असल्या दुकानात कुणीही विश्वास टाकेल. बिलाचं विचारल्यावर मालक म्हणाला, ‘‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील, वॉरंटी तर आमच्या शब्दावर आहेच.’’ म्हणजे ६,४२६ रुपये जास्त. बिनबिलाचा माल घेतला म्हणून मला बोल लावणाऱ्यांनी आधी सांगावं, गाडीच्या किती कामांची पक्की बिलं त्यांच्या घरी आहेत? बिल देणं ही दुकानदाराची जबाबदारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. हे मला नंतर कळलं, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना मीच सांगावं लागलं.

आता ज्या क्षणाचा विचार मनातून जात नाही, तो सांगतो. फिटर डिकीत वाकून काम करत होता. त्याने जाड लाल केबल ब्लेडने सोलली आणि टोक कापलं. तारा बाहेरून तांबूस होत्या, कापलेल्या तोंडाला मात्र पांढऱ्या चमकत होत्या. मी लगेच विचारलं, ‘‘हे तांबं आहे ना? पॅकेटवर शंभर टक्के कॉपर लिहिलंय.’’ तो म्हणाला, ‘‘कॉपरच आहे, टिन केलंय.’’ टिन केलेली तार बाहेरून पांढरी दिसते आणि आतून तांबडी. इथे सगळं उलटं होतं. ती ॲल्युमिनियमची तार होती, वर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के, म्हणजे तेवढाच करंट न्यायला केबल बरीच जाड लागते आणि नाही घेतली तर ती तापते. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर एका वितावर होता. मी पाहिलं, विचारलं, आणि त्याने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं.

तेवढ्यावर थांबलं नाही. दोन्ही सबवूफर ड्युअल व्हॉइस कॉइलचे, म्हणजे प्रत्येकात दोन कॉइल, प्रत्येक कॉइल ४ ओमची. ओम म्हणजे करंटला होणारा विरोध, तो जितका कमी तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ॲम्प्लिफायरच्या दोन चॅनेलवर दारातले स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर दोन्ही सबवूफर. ब्रिज केल्यावर कमीत कमी ४ ओम, हे त्याच ॲम्प्लिफायरच्या पाठीवर छापलेलं होतं. ओम किती येतील असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘‘ओमबिम काही नसतं साहेब, लोड कमी तेवढा आवाज जास्त.’’ आणि चारही कॉइल पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडून मोकळा झाला. म्हणजे १ ओम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्याही निम्मे ओम दिसतात. डेमोलाच प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होतोय असं सांगणारा, लाल दिवा लागला, आवाज गेला, परत आला. ‘‘नवीन आहे, सेट होतंय.’’ लाल दिवा लागला की गाडी तिथेच ठेवा आणि पैसे खिशात ठेवा.

याच सामानात बरोबर जोडणी होत होती, याचा मला जास्त राग येतो. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकामागे एक), म्हणजे ८ ओम, आणि असे दोन सब एकमेकांना पॅरलल, की बरोबर ४ ओम. एक पैसा जास्त लागला नसता. ओम मोजणारा मल्टिमीटर लावून बघायला मिनिट लागतं. ॲम्प्लिफायरला जोडण्याआधी बॉक्सच्या टर्मिनलवर मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. छापलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी दिसतं, ते चालतं. ४ च्या जागी १ च्या आसपास दिसलं तर जोडू देऊ नका.

थोड्याच दिवसांत ॲम्प्लिफायर वरचेवर बंद पडू लागला. दुकानात गेलो की ‘‘गाणी खराब आहेत, पेन ड्राइव्ह बदला.’’ मग एका रविवारी साताऱ्याकडे जाताना खेड शिवापूरच्या पुढे गाडीत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटमधून धूर निघाला. मागे दोन्ही मुलं बसली होती. त्यांना आणि बायकोला बाहेर काढलं, बॉनेट उघडलं, पण बॅटरीचा नट हाताने सुटतोय थोडाच? मागून आलेल्या टेम्पोवाल्याने दहा नंबरचा पाना दिला, म्हणून निगेटिव्ह टर्मिनल निघालं. त्या भल्या माणसाने पाणीसुद्धा घेतलं नाही.

केबल जिथून आत आली होती तिथे पत्र्याला नुसतं भोक पाडलं होतं, धार झाकणारी रबरी रिंग (ग्रोमेट) नाही. धारेवर घासून इन्सुलेशन फाटलं आणि तार बॉडीला टेकली. फ्यूज होता, पण डिकीत, ॲम्प्लिफायरजवळ. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या सगळ्या केबलला काहीही संरक्षण नव्हतं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून फार तर दीड फुटात हवा, तो ॲम्प्लिफायरसाठी नसून केबलसाठी असतो. ॲम्प्लिफायरची अर्थिंगसुद्धा सीटबेल्टच्या बोल्टला, रंग न खरवडता. ज्या बोल्टवर माणसाचा जीव अवलंबून असतो तो यांनी वायर बांधायला वापरला.

ॲम्प्लिफायरवर ‘३००० वॉट’ छापलं होतं, अंगावर फ्यूज मात्र ३० अँपिअरचे दोन. १४ व्होल्टवर ३००० वॉट द्यायला, काहीच वाया जात नाही असं धरलं तरी, दोनशेच्या वर अँपिअर लागतात. ६० अँपिअरमध्ये कुठून येणार? डब्यावरचा आकडा वाचू नका, फ्यूज बघा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सिरीयल नंबर तपासला तेव्हा तो त्यांच्या नोंदीतच नव्हता. नकली माल गळ्यात मारला होता.

दुकानात गेलो तर मालकाने कानावर हात ठेवले. ‘‘बिल दाखवा.’’ बिल न देणाराच बिल मागत होता! चौकीत गेलो. ‘‘हा दिवाणी मामला आहे.’’ नकली वस्तू खरी म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या. उद्या गेलो तर अर्ज मराठीत टाइप करून आणा. आणला तर यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर दुकानाचं नाव नाही, मालकाच्या भावाचं आहे. ते नाव शोधायचं काम माझं की त्यांचं? पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, ती ‘दुकानाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. प्रतिसाद दिला नाही की सुटका होत असेल, तर कोण देईल? इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने दोन फोटो काढले आणि बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूची पॉलिसीत नोंद नाही म्हणून क्लेम नाकारला. पॉलिसी विकणाऱ्याने ही नोंद असते हे कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही आयएमटी २४ ची, म्हणजे अशा वस्तूंची पॉलिसीतली, नोंद आधी करून घ्या, मगच गाडीत स्क्रू मारू द्या. मुलं जळता जळता वाचली, आणि प्रत्येक टेबलावर मला एकच प्रश्न, बिल आहे का.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयची नोंद, दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज, जळालेल्या केबलचे फोटो, सगळं जोडलं आहे. रोख देऊ नका, दिलेच तर मेसेजमध्ये रक्कम कबूल करून घ्या. माझे १५,७०० त्याच्या ‘मिळाले साहेब’ या एका ओळीवर उभे आहेत.

तक्रार दाखल झाल्यावर मालकाचा फोन आला, पाच हजार देतो, मिटवून टाका. मी नाही म्हणालो. मला पूर्ण ५०,०५० हवेत, आणि नुकसानभरपाई वेगळी. तुमच्या गाडीत असं काम झालेलं असेल तर आजच बॉनेट उघडा, बॅटरीवरून निघालेल्या जाड केबलवर दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का बघा. नसेल तर ती केबल बॅटरीवरून सोडवा, मगच गाडी काढा.